नासपतीची बरणी

१

खोटं बोलताना माझा भाऊ कान खाजवतो. त्या दिवशी गाडीच्या डिकीतून निळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला ओंडका काढताना त्याचा हात सारखा कानाकडे जात होता.

"कुठून आणलंस?" मी विचारलं.

"गिरणीच्या मागं पडलं होतं. नदीकाठची लाकूड कापायची गिरणी नाही का, तिथं. फेकूनच देणार होते."

"आणि तेवढ्यासाठी तू बेलग्रेडहून डोंगर चढून आलास."

"ताई, आल्या आल्या सुरू करू नकोस."

आल्या आल्या सुरू करायला माझ्याकडे पुष्कळ होतं. आमच्यात स्लावा असते, घराण्याच्या संताचा दिवस. मेणबत्ती लावायची, गोल पाव कापायचा, उकडलेला गोड गहू वाटायचा आणि दारात येईल त्याला जेवू घालायचं. ती बापाकडून मुलाकडे जाते, मुलीकडे जात नाही. बापाचं अंथरुणातलं सगळं मी काढलं. त्याचा लेथ मी चालू ठेवला, छपरावर मी चढले. आणि बापाला पुरून आलो त्याच संध्याकाळी माझ्या या भावाने, झिव्कोने, भिंतीवरची संत निकोलाची तसबीर काढली, गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली आणि स्लावा घेऊन तो शहरात गेला. भिंतीवर तिथे चौकोनी पांढरा डाग राहिला आहे. मी मुद्दाम त्यावर चुना फिरवत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं.

"झाकणाची बरणी करून दे," तो म्हणाला. "स्लावाच्या गव्हासाठी. टेबलाच्या मधोमध ठेवीन. साहेब येणारेत माझे. म्हटलं दाखवू त्यांना, आमच्या घरात काय काय बनतं."

"आमच्या म्हणजे कुणाच्या?"

तो हसला. हसला की त्याच्यात बापाचा चेहरा येतो, आणि मला आणखीच राग येतो.

मी नाही म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्याने प्लॅस्टिक ओढून काढलं. रानटी नासपतीचं लाकूड होतं, बरीच वर्षं जमिनीवर पडून अर्धं कुजलेलं. असं लाकूड आतून बुरशी खाते. एका बुरशीची हद्द दुसरीला लागली की दोघींच्या मध्ये एक काळी रेघ उमटते, शाईने ओढावी तशी. फार कुजल्यावर कातलं तर लाकूड हातात येतच नाही, ढेकळासारखं फुटतं. पण वेळेवर सापडलं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. आणि हे वेळेवर सापडलं होतं. फिक्या मधाळ रंगावर त्या रेघा वळत वळत आत गेलेल्या.

"ठेव तिकडे," मी म्हटलं. "आणि कॉफी घेऊन जा. जेवायला थांबू नकोस, केलेलं नाही."

केलेलं होतं. शेगडीवर घेवड्याचं कालवण रटरटत होतं आणि झिव्कोला त्याचा वास येत होता. तो न जेवता गेला.

२

माझी सकाळ ठरलेली असते. शेगडी पेटवायची, कॉफी करायची, मग नाकातोंडावर जाड मास्क लावून लेथ सुरू करायचा. मास्क हवाच. कुजक्या लाकडाचा भुसा छातीत गेला तर महिना महिना खोकला जात नाही.

नासपतीला मी दोन दिवस पातळ गोंद पाजला, म्हणजे मऊ जागा धरून राहाव्यात. तिसऱ्या दिवशी ओंडका लेथवर चढवला. गोल पटाशीखाली लांब, ओलसर ढलप्या निघायला लागल्या. राग असला की माझा हात बरा चालतो. प्रत्येक ढलपीबरोबर मी झिव्कोला एकेक ऐकवत होते. तसबिरीबद्दल ऐकवलं, त्याने नेलेल्या बापाच्या कोटाबद्दल ऐकवलं. त्याची बायको यास्ना माझ्या हातचं लोणचं शेजाऱ्यांना देऊन टाकते, त्याबद्दलही ऐकवलं.

गोल आकार आला तेव्हा लाकडात एक गाठ दिसली. करंगळीच्या टोकाएवढी, काळपट, अगदी वाटोळी. गाठी इतक्या वाटोळ्या नसतात. पण ती नेमकी झाकण आणि बरणी जिथे वेगळी करायची तिथेच आली होती, आणि जागा बदलली असती तर रेघांची सगळी नक्षी वाया गेली असती. म्हणून मी गाठीच्या मधूनच काप घ्यायचं ठरवलं. अर्धी झाकणात, अर्धी बरणीत. झाकण बसवताना खूण म्हणून उपयोगी पडेल असं वाटलं.

चिरायची पटाशी आत गेली. गाठीला लागल्यावर लाकडाचा आवाज बदलला. बारीक, ओढलेला आवाज यायला लागला, बंद नाकाने कुणी हवा घ्यावी तसा. पट्टा सैल झाला असेल म्हणून मी लेथ बंद केला. लेथ थांबला. आवाज थोडा वेळ राहिला आणि मग तोही थांबला.

मी पट्टा बघितला. पट्टा घट्ट होता.

बरणी आतून पोखरताना गाठीमागून काही तंतू निघाले. फिके, मऊ, बोटाला चिकटणारे. बुरशीचे असे तंतू असतात. मी ते फुंकून टाकले.

३

दुपारी झिव्कोचा फोन आला. मी फोन टेबलावर ठेवून मोठ्याने बोलते, हात मोकळे राहतात.

"ताई... झाली का... बरणी?"

"पळत आलास का कुठून?"

"नाही गं. सकाळपासून... दम लागतोय. जिना चढलो... तर वरच्या मजल्यावर... बसावं लागलं."

"पोट बघ आधी स्वतःचं. साहेबांबरोबर डुक्कर खातोस, मग जिना कसा चढवेल?"

तो हसायला गेला आणि खोकला. त्याच्या छातीत शिट्टी वाजत होती. फोनमधून ती स्पष्ट येत होती, आणि मी ती ओळखली. लहानपणी त्याला दमा होता. रात्र रात्र त्याला बगलेत धरून मी खिडकीशी उभी राहायचे, कारण आडवा झाला की त्याचा श्वास अडकायचा. मी स्वतः तेव्हा केवढी होते! माझ्या हनुवटीखाली त्याचं डोकं असायचं, घामाने भिजलेलं. मग एका वसंतात तो एकाएकी बरा झाला, आणि नंतर त्या दम्याचं घरात कुणी नावही काढलं नाही.

"डॉक्टरकडे जा," मी म्हटलं. बोलता बोलता मी झाकण बरणीवर बसवत होते. दोन्हीकडच्या काळ्या रेघा जुळेपर्यंत झाकण फिरवायचं. गाठीचे दोन अर्धे एकमेकांवर आले, वर्तुळ पुरं झालं आणि झाकण टप्प करून बसलं.

"...जातो उद्या. अरेच्चा!" झिव्को म्हणाला. "मोकळं वाटलं बघ एकदम. तुझ्या शिव्यांचा गुण."

मी झाकण उघडलं. कुठलाही कातारी असंच करतो. बसतं कसं ते बघायला दहा वेळा उघडतो आणि लावतो. फोनमध्ये पुन्हा शिट्टी वाजली. मी लावलं. तो म्हणाला, "थांब, येतंय-जातंय काहीतरी." मी पुन्हा उघडलं आणि त्याला शब्दच फुटेना.

मी झाकण लावलं आणि बरणीवरचा हात काढून घेतला. त्यानंतर ते उघडलं नाही. योगायोग आहे, असं मी स्वतःला बजावलं. सकाळपासून मास्क लावून बसलेल्या, दुपारी न जेवलेल्या बाईला काहीही वाटू शकतं.

४

सकाळी कामाच्या खोलीत गेले तर झाकण फिरलेलं होतं. फार नाही, बोटभर. रेघा सुटल्या होत्या आणि गाठ अर्धी अर्धी झाली होती.

ओलं लाकूड वाळताना हलतं, हे मला कुणी शिकवायला नको. ते आकसतं, वाकडं होतं, तडकतं. फिरत मात्र नाही.

मला आधी स्रेतेन काकाचाच राग आला. हा आमचा शेजारी, बापाचा दोस्त. माझं कुंपण ओलांडायला त्याला परवानगी लागत नाही आणि दिसेल त्या वस्तूला हात लावल्याशिवाय त्याला राहवत नाही. तो कॉफीला आला तेव्हा मी त्याला दारातच धरलं.

"माझ्या कामाला हात कशाला लावता?"

"कशाला लावला हात? आत्ता तर येतोय." तो आत आला, टोपी काढली, आणि टेबलावरच्या बरणीकडे बघून उभाच राहिला. "विदा, हे लाकूड कुठलं?"

"झिव्कोनं आणलं. बसणार का नुसते उभे राहणार? हवी असेल तर राकियाची बाटली तिकडे आहे, स्वतः ओतून घ्या."

त्याने राकिया घेतली नाही. असं पूर्वी कधी झालेलं मला आठवत नाही. त्याने बोट पुढे केलं, पण लावलं नाही.

"ही गाठ नव्हे. खुंटी आहे. तुझ्या बापानं ठोकलेली."

"काहीतरी बोलू नका."

"अगं, मी होतो तिथं. पोराला धरायला मीच होतो. वरच्या माळावरचं झापिस. त्याला पाठ लावून उभा केला झिव्कोला. डोक्याच्या उंचीवर बापानं गिरमिटानं भोक पाडलं, पोराच्या शेंडीचे केस आत घातले, वरून खुंटी मारली. दमेकरी पोराला असंच करतात. पोर वाढतं, खुंटीच्या वर जातं. दमा खाली झाडात राहतो."

झापिस म्हणजे गावाचं झाड. खोडावर क्रूस कोरलेला असतो आणि वर्षातून एकदा सगळं गाव झेंडे घेऊन त्याच्याभोवती फिरतं. आमची ती नासपती मागे एका हिवाळ्यात बर्फाच्या भाराने आडवी झाली. पडलेलं झापिस कुणी उचलत नाही. त्याची काडीसुद्धा चुलीत घालत नाहीत. जिथे पडलं तिथे मातीत जाऊ द्यायचं.

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"बायकांना सांगत नाहीत."

"हो ना! बायकांनी नुसतं रात्रभर पोराला धरून उभं राहायचं!"

 काकाने टोपी घातली, क्रूसाची खूण केली आणि बरणीकडे पाठ न करता दाराबाहेर गेला. त्याच्या जाण्याचीही मला चीड आली. मी झाकण फिरवून रेघा जुळवल्या, त्यावर लोखंडी इस्त्री ठेवली आणि कोट घेऊन माळाकडे निघाले.

५

झाड नेच्यात पडलेलं होतं, नेहमीसारखं. मधूनच एक तुकडा नव्हता. यांत्रिक करवतीचे दोन सरळ काप, ताजे, पिवळे. वर क्रूस होता आणि त्याच्या वीतभर खालून कापलं होतं. खालच्या भुशात शहरी बुटांचे ठसे उमटले होते.

मी तिथूनच फोन लावला. माळावर रेंज चांगली येते.

"गिरणीच्या मागं पडलं होतं काय रे?"

"ताई..."

"कान खाजवू नकोस! झापिसाला करवत लावलीस तू! बापाच्या डोळ्यांदेखत लावली असतीस का?"

"अगं, झाड आहे ते. कुजत पडलंय. कुजून जाण्यापेक्षा आपल्या टेबलावर आलं तर कुणाचं काय बिघडतं? आपलीच तर आठवण आहे ती."

"स्लावा नेलीस, तसबीर नेलीस, आता गावाचं झाडही गाडीत घालून ने! तुला लाज कशाची ती..."

मी आणखी पुष्कळ बोलले. इतकी वर्षं जे दातांखाली धरलं होतं ते सगळं. बरं वाटत होतं मला, खोटं का सांगू. शेवटी माझ्या लक्षात आलं की पलीकडून उत्तर येत नाही. नुसती शिट्टी येते आहे. लांब, बारीक. मग तीही तुटक झाली आणि काहीतरी जमिनीवर पडलं.

मी धावत घरी आले. इस्त्री टेबलावर आडवी पडली होती. झाकण बरणीशेजारी उलटं ठेवलेलं होतं. पडलेलं नव्हतं. कुणीतरी नीट ठेवावं तसं, आतली बाजू वर करून ठेवलेलं होतं.

मी ते उचलून बरणीवर दाबलं. रेघा जुळवल्या आणि दोन्ही तळव्यांनी धरून ठेवलं. तळव्याखाली ते उचललं जात होतं. उकळत्या भांड्यावरचं झाकण उचललं जातं तेवढंच, मग खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. बरणी थंड होती. मी घड्याळाकडे बघत राहिले, कारण बरणीकडे बघवत नव्हतं. यास्नाचा फोन आला तो नाकाने बटण दाबून घेतला.

"ताई, यांना दवाखान्यात आणलंय. निळे पडले होते हो! आत्ता, आत्ताच जरा श्वास लागलाय."

"रड नंतर. भुसा गेला असेल छातीत, लाकूड कापताना," मी म्हटलं.

हे कारण मला स्वतःलाच आवडलं. खरंच, कुजक्या लाकडाची करवतीने धूळ उडवली की दमा उसळतो. डॉक्टरही हेच म्हणाले असते. फक्त तो भुसा उडून चार-पाच दिवस झाले होते, आणि माझ्या तळव्याखाली झाकण हळूहळू वर येत होतं.

६

मी गोंद लावला. नासपतीने तो पिऊन टाकला, सकाळी सांधा कोरडा होता. मग शिकंज्यात बरणी धरली आणि स्क्रू आवळला. शिकंजा बाजारातून आणलेला, साधा, लोखंडी. तो कुणाच्या दम्याला भीक घालणार नाही असं मला वाटलं. खरंच, चार दिवस झिव्को बरा होता. यास्नाने सांगितलं, बसून सूप घेतलं, नर्सला चिडवलं, बरणीची आठवण काढली. बरणीची!

पण वाळतं लाकूड शिकंज्यात सुखाने राहत नाही. बरणी अंडाकृती व्हायला लागली. पाचव्या सकाळी एका काळ्या रेघेवर तडा दिसला, केसाएवढा. संध्याकाळी त्यात नख जाईल एवढा झाला. मी खोलीतली शेगडी विझवली, ओली फडकी गुंडाळली. तडा वाढत राहिला. शेजारच्या खोलीत बसलं तरी ऐकू यायचं. एक ओढ, एक थांबा, एक ओढ. लाकूड वाळताना आवाज करतंच. मी स्वयंपाकघरात रेडिओ मोठा लावून ठेवला, आणि गाण्यांच्या मध्ये निवेदक थांबला की माझा हात आपोआप चमच्यावर आवळायचा.

मी स्रेतेन काकाकडे गेले. जायची इच्छा नव्हती, पण दुसरं कोण होतं?

"दुसऱ्या झाडात घालता येईल का ते?"

"झाडात जायला अंगातून निघावं लागतं ना गं. वाढणारं पोर लागतं. त्याला मागे टाकून जे वर जाईल असं. झिव्को आता कुठून वाढणार? आडवाच वाढतोय तो." तो हसला नाही. आपल्या काठीकडे बघत राहिला. "त्याची मुलगी आहे. नऊ वर्षांची ना? आधी दमा तिला लागू द्यायचा. मग तिचे केस घ्यायचे, नवं झाड..."

"पुढं बोललात तर ती काठी तुमच्याच डोक्यात घालीन."

"तू विचारलंस म्हणून सांगितलं. बाहेर पडलेलं ते कुणाच्या ना कुणाच्या छातीत बसणारच. रक्ताचंच माणूस शोधतं ते. घरात आणखी कोण आहे तुझ्या?"

आपण काय सुचवलं हे त्याच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. मग त्याने माझी बाही धरली. "विदा, खुळ्यासारखं करू नकोस. तुझं वय बघ."

मी बाही सोडवून घेतली. मला सगळ्यांचाच राग आला होता. बायकांना न सांगणाऱ्या या म्हाताऱ्याचा, मला घरी पाव भाजायला ठेवून पोराला माळावर नेणाऱ्या बापाचा, आणि सगळ्यात जास्त झिव्कोचा. त्याने कधीही काहीही उचलावं आणि खाली ठेवायला मी लागावं, हे आयुष्यभर चालत आलं होतं. पण तो नर्सला चिडवतो आहे हे ऐकून मी स्वयंपाकघरात एकटीच हसले होते, तेही खरंच. तो मरायला नको होता मला. मला त्याच्याशी भांडायचं होतं, आणि भांडायला तो जिवंत लागत होता.

७

दुपारचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं होतं. मी दार आतून लावलं आणि शिकंज्याचा स्क्रू सैल केला.

झाकण मी उघडलं नाही. स्क्रू पुरता निघायच्या आधीच ते फिरलं, उचललं गेलं आणि बाजूला झालं.

मी वाकून बघितलं. आतली भिंत मी स्वतः घासून गुळगुळीत केली होती, नखाएवढ्या जाडीची. ती हलत होती. काळ्या रेघा एकमेकींपासून लांब जात होत्या आणि जवळ येत होत्या, आजारी पोराच्या बरगड्या कातडीखाली दिसतात तशा. बरणी वीतभरसुद्धा खोल नव्हती, पण ऊन तळापर्यंत पोचत नव्हतं. जिथपर्यंत पोचत होतं तिथे काहीतरी फिकं, ओलं चमकत होतं. केस होते ते. घामाने डोक्याला चिकटलेले. भोवरा दिसत होता. तो मी किती रात्री वरून बघितला होता.

उन्हाची तिरीप आहे, असं मी स्वतःला सांगितलं. बुरशी आहे. मग माझ्या तोंडून हाक गेली, जशी तेव्हा जायची.

"झिव्को?"

केस हलले. खाली डोकं घालून बसलेल्या कुणीतरी हाक ऐकून मान वर करायला घ्यावी, तसा भोवरा मागे सरकायला लागला. कपाळाची कड दिसली.

त्याहून जास्त मी बघितलं नाही. मी डोळे मिटले, बरणीच्या काठाला तोंड लावलं आणि छातीत मावेल तेवढा श्वास आत घेतला.

८

बरणी आता नुसती बरणी आहे. तडा आहे तेवढाच आहे. झाकण सैल बसतं, रेघा जुळवून ठेवलं तर तसंच राहतं.

झिव्कोला दवाखान्यातून सोडलं. घरी गेल्या गेल्या त्याने मला फोन केला. आवाज खणखणीत होता. एका दमात दहा गोष्टी सांगत होता: डॉक्टरांना काहीच सापडलं नाही, यास्नाने उगाच आकाशपाताळ एक केलं, स्लावाची पाहुण्यांची यादी झाली, साहेब नक्की येणार आहेत.

"आणि बरणी घ्यायला मी रविवारी येतो," तो म्हणाला. "तूही चल माझ्याबरोबर. स्लावाला ये या वेळी. मेणबत्ती तू लाव हवं तर. काय?"

मी खिडकीशी उभी होते. आता मी उभीच असते, रात्रीसुद्धा. माझ्याजवळ बोलायला केवढं होतं! झापिस होतं, संताची तसबीर होती, ती मेणबत्ती "हवं तर" लाव म्हणायचा त्याचा उदारपणा होता. पहिलाच शब्द मी जिभेवर घेतला. तो बाहेर ढकलायला हवा कमी पडली. मी पुन्हा छाती भरायचा प्रयत्न केला. आत गेलं ते गळ्यातच अडकलं.

"ताई? आहेस ना?"  मग तो हसला, बापासारखा. "गप्प आहेस. म्हणजे राग गेला म्हणायचा. कधी नव्हे ते ऐकून घेतलंस बघ माझं. बरं वाटलं, खरंच सांगतो."

मी जिवाच्या कराराने तोंड उघडलं. छातीतून लांब, बारीक शिट्टी निघाली.

"किटली ठेवलीयस वाटतं," झिव्को म्हणाला. "जा, उतू जाईल. रविवारी बोलू निवांत."

आणि त्याने फोन ठेवला.